घुमणारा बेहडा

जंगलांना नावं देण्याची पद्धत पडली, त्याच्याही आधीची ही फार जुनी गोष्ट. एका डोंगराच्या कुशीत दाट जंगल होतं आणि त्या जंगलात एक सुतारपक्षी राहत होता. घर शोधणाऱ्या पाखरांना झाडांतल्या ढोल्या दाखवणं हा त्याचा धंदा. ढोली पसंत पडली की पाखरं त्याला पिकली उंबरं आणून देत, आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

त्याची कामाची रीत बापाकडून आलेली. झाडाला चहूबाजूंनी चोचीने ठोकायचं आणि मग खोडाला डोकं टेकून ऐकायचं. लाकूड निरोगी असेल तर आवाज आखूड आणि कोरडा येतो. आतून कुजलं असेल तर खोड घुमतं. बाप त्याला सांगायचा, "घुमणाऱ्या खोडाचा आवाज फार गोड लागतो रे बाबा. तिथे कुणाला राहायला पाठवू नकोस."

सुतार दिवसभर ठोकायचा आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणायचा, "हे नको. पुढचं बघू." गिऱ्हाईक कंटाळून जायचं. पण त्याने दिलेलं घर पडलं, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग एक कोकीळ त्या जंगलात आला आणि तोही घरं दाखवू लागला. आता काय म्हणावं! ज्याच्या घराण्यात आजवर कुणी काडीवर काडी ठेवली नाही, ज्याची पिल्लं कावळ्यांच्या घरट्यात वाढतात, तो दुसऱ्यांना घरं दाखवणार! पण गळा असा, की ऐकणारा जागच्या जागी थांबावा. इथून सूर्योदय कसा दिसतो, तिथे झुळूक कशी येते, हे तो गाऊन सांगायचा. त्यात त्या जंगलातल्या साळुंक्यांना एक सवय होती. आवडलेलं गाणं त्या लगेच पुढच्या झाडावर जाऊन म्हणून दाखवत, तिथल्या साळुंक्या त्याच्याही पुढच्या झाडावर. सकाळी गायलेलं दुपारपर्यंत नदीपार पोचायचं. ज्याचं गाणं जास्त झाडांवर, त्याला जास्त कळतं, असं हळूहळू सगळ्यांनीच धरून टाकलं.

सुताराकडे कुणी फिरकेनासं झालं. त्याने एकदा कोकिळाला गाठलं.

"अरे, तू ती जांभळाची ढोली दिलीस, तिच्यात मुंग्यांनी घर केलंय. आत डोकावलास तरी का?"

"असतील मुंग्या, दादा," कोकीळ हसून म्हणाला. "तुमचं बरोबरच असेल. पण ऐकतंय कोण?"

संतापाच्या भरात सुताराने शेजारच्या एका जुन्या बेहड्याच्या झाडावर चोच हाणली.

डुम्म्म!

सगळी दरी दणाणली. फांदीफांदीवरच्या साळुंक्यांनी माना वळवल्या. "अगंबाई! कोण वाजवतंय हे? पुन्हा वाजवा ना, सुतारदादा!"

त्याने पुन्हा वाजवलं. दुपारपर्यंत नदीपारची पाखरंही डुम्म डुम्म करू लागली.

त्या दिवसापासून सुताराचे दिवस फिरले. रोज सकाळी त्याच्याभोवती गर्दी जमू लागली. "कोकीळ नुसता गातो, यांना तर लाकडातलं कळतंही," असं पाखरं म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. लाकडातलं त्याला कळत होतंच. पण निरोगी झाडावर ठोकलं की आखूड, कोरडा आवाज येई आणि गर्दी जांभया देई. तो मग नकळत घुमणारी झाडं निवडू लागला. पूर्वी तो ठोकायचा ते स्वतः ऐकण्यासाठी, आता ठोकत होता ते इतरांना ऐकवण्यासाठी. खोडाला डोकं टेकणंही त्याने सोडलं. टेकलं की शेंडी विस्कटायची ना!

अशातच धनेशाचं जोडपं त्याच्याकडे आलं. धनेशाची रीत तुम्हाला ठाऊक असेल. मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. आत बसल्यावर तिच्या पंखांची पिसं गळतात. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही, नर आणून भरवेल तेच खायचं. एकदा आत गेली की ती सर्वस्वी त्या झाडाच्या भरवशावर असते.

सुताराने त्यांना तोच बेहडा दाखवला.

"भाऊ, ही आमची पहिलीच खेप आहे," धनेशीण म्हणाली. "मागच्या बाजूनेही एकदा ठोकून बघाल का? मला जरा धाकधूक वाटते."

मागच्या बाजूला गर्दी नव्हती. गर्दी पुढे होती आणि वाट बघत होती. सुताराने पुढूनच जोरात ठोकलं. डुम्म्म! साळुंक्यांनी एकच गलका केला. क्षणभर त्याच्या मनात काहीतरी टोचलं, बापाचा आवाज आल्यासारखं झालं. पण तोवर साळुंक्या ती डुम्म घेऊन उडाल्याही होत्या. आता नाही कसं म्हणायचं?

"काळजी करू नका वहिनी," तो म्हणाला. "असं झाड साऱ्या जंगलात नाही."

"तुम्ही म्हणालात, आता मला भीती नाही," ती म्हणाली. आत शिरली आणि दार लिंपू लागली.

पुढे एका दुपारी वारा सुटला. वादळ नव्हे, काही नव्हे, रोज सुटतो तसा वारा. सुतार पलीकडच्या उतारावर होता. त्याला मोठा कडकडाट ऐकू आला आणि तो तडक तिकडे उडाला.

तो पोचला तेव्हा बेहडा आडवा पडला होता. खोड मधोमध फाटलं होतं आणि आत लाकूड असं नव्हतंच, नुसता ओला भुसा होता. लिंपलेल्या दाराची ढेकळं इकडेतिकडे पडली होती. शेजारी फुटलेली अंडी होती. आणि त्यांच्यापाशी धनेशीण जमिनीवर बसली होती, पिसं गळलेले पंख पसरून, उडता येत नसलेली.

धनेश चोचीत फळ घेऊन आला. त्याने खाली पाहिलं. फळ चोचीतून गळून पडलं.

धनेशीण रडत नव्हती. तिला अजून खरंच वाटत नव्हतं. तिने सुताराकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही ठोकून पाहिलं होतंत ना?"

जुन्या सवयीने सुतार त्या पडक्या खोडाशी गेला. किती महिन्यांनी त्याने खोडाला डोकं टेकलं आणि हलकेच ठोकलं.

डुम्म्म!

त्याच्या बापाने सांगितलेला तोच गोड आवाज. आणि तेवढ्यात दूरच्या झाडांवरून, इथे काय घडलंय याचा पत्ताही नसलेल्या साळुंक्या आनंदाने ओरडल्या, "वाहवा! पुन्हा, सुतारदादा, पुन्हा!"

त्या ओरडण्याने सुतार जेवढा हादरला, तेवढा झाड पडल्यानेही हादरला नव्हता.

तो धावत त्यांच्याकडे गेला. "सांगा सगळ्यांना! मी दिलेल्या ढोल्या सोडा, मी ऐकलंच नव्हतं!" साळुंक्यांनी एकमेकींकडे पाहिलं. या बोलण्यात ना ताल, ना गोडवा. त्यांनी ते पुढे नेलंच नाही. शेवटी सुतार स्वतः एकेका झाडावर गेला आणि एकेका दारापाशी उभं राहून म्हणाला, "बाहेर या, माझी चूक झाली." काहींनी ऐकलं. काहींनी त्याच्या तोंडावर सांगितलं, "एवढं नावाजलेलं घर कोण सोडेल?"

त्यानंतर सुताराच्या चोचीतून डुम्म कुणी ऐकली नाही. धनेशिणीची पिसं पुन्हा येईपर्यंत तो तिला फळं आणून देत होता. ती घ्यायची, पण त्याला भाऊ म्हणून तिने पुन्हा कधी हाक मारली नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं लक्षात असू द्या: आपल्या शब्दावर दुसऱ्याचं घर उभं राहणार असेल, तर आधी लाकडाचं ऐकावं, वाहवा मागाहून ऐकली तरी चालते.