उंबरमेट हिरवीच होती

"हिरवं म्हणजे काय?" परकारचाचांनी विचारलं.

मला वाटलं मस्करी करतायत. पण नाही. चार दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल, आणि स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून डॉक्टरांनी दम दिलेला. त्यामुळे माझा नकाशा मला त्यांना तोंडी सांगावा लागणार होता.

आणि तोंडी सांगण्यात मला कोण हरवणार.

"हिरवं म्हणजे सिग्नल पोचतो, चाचा. लाल म्हणजे नाही पोचत. माझं सॉफ्टवेअर काय करतं, सगळ्या डोंगरांच्या उंच्या घेतं, आपला टॉवर कुठे आहे, किती उंच आहे, सेटची ताकद किती ते घेतं. मग दरीतल्या एकेका ठिकाणाला विचारतं, मधे डोंगर आडवा येतो का? आला तर त्याच्या माथ्यावरून वाकून किती सिग्नल पलीकडे उतरेल? अशी बावीस लाख ठिकाणं. चाळीस सेकंदात."

"बरं."

"आणि सातही वाड्या हिरव्या आल्यात."

"बरं."

ह्या माणसाचं 'बरं' ऐकून कळतच नाही, पटलंय की झोप आलीये.

चाचा सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. आता पीराच्या माळावर, दर्ग्याच्या मागे जी पत्र्याची खोली आहे, तिथे बसतात. दरीतल्या वाड्यांमध्ये मोबाइलला रेंज नाही, म्हणून हे वायरलेसचं जाळं त्यांनी उभं केलं. सात वाड्यांत हातात मावेल असा एकेक सेट. दरड आली, ओढा फुगला, बाई अडली, की त्यावरून माळाला हाक मारायची. माळावरून निरोप तालुक्याला. खालच्या गावात त्यांना फकीरच म्हणतात.

मी पुण्याची. दोन महिन्यांपूर्वी हे सॉफ्टवेअर घेऊन इथे आले, आणि खरं सांगायचं तर आल्या दिवसापासून मीच बोलतेय.

मी फॉर्म त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"हे काय?"

"उंबरमेटचा सेट परत आणायचा अर्ज. तुमची सही हवीय. चारला जीप खाली जातेय, ओढ्याचं पाणी पण आज उतरलंय, तर आजच घेऊन येतील."

"का आणायचा?"

"उत्तरच देत नाहीत चाचा. तुम्ही दवाखान्यात होतात ते चारही दिवस मी हाका मारतेय. दिवसातून आठ आठ वेळा. बाकीच्या सहा वाड्या एका हाकेला ओ देतात. उंबरमेट, काही नाही. बॅटऱ्या नव्या घातल्यात. नकाशात हिरवी आहे, म्हणजे सिग्नलचा प्रश्नच नाही. म्हणजे उरलं काय? सेट चालूच करत नाहीत. तिकडे कोंडीत अजून सेटच नाही, ते कधीचे मागतायत, त्यांना तरी देऊ."

"तिथला सेट कोणाकडे आहे?"

"बायजाबाई ढेबे. तुम्हीच दिलेला. मी तर परवा सगळ्या वाड्यांना म्हटलं पण, उंबरमेटवाल्यांनी सेट पेटीत घालून ठेवलाय, आता दिवाळीला बाहेर काढतील."

"रेडिओवर म्हटलंस?"

"हो. सगळे हसले."

चाचांनी पेन उचललं. मला वाटलं झालं काम. पण त्यांनी ते नुसतंच बोटांत फिरवलं.

"बेटा, हिरवं कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?"

"कोणाचा आवाज पोचतो?"

"आपला. टॉवरचा."

"आपला सेट केवढा?"

"पन्नास वॅटचा."

"तिचा?"

"पाच. पण चाचा, बाकीच्या वाड्यांचे पण पाचाचेच आहेत. ते कसे पोचतात मग?"

"त्यांच्या आड डोंगर आहे?"

नव्हता. सहाच्या सहा वाड्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उंबरमेट तेवढी कड्याच्या पाठीमागे. मला उत्तर द्यायचं होतं, माझ्याकडे उत्तर असतंच, आणि मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात चाचांनी हाताचा पंजा वर केला.

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेचार.

ह्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. खोलीत भिंतीवर जहाजावरचं जुनं पितळी घड्याळ आहे. तबकडीवर दोन लाल फोडी रंगवलेल्या, कलिंगडाच्या असाव्यात तशा. एक पंधरा ते अठरा मिनिटांवर, एक पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीसवर. पहिल्याच दिवशी मी विचारलेलं हे काय म्हणून.

"तेवढा वेळ समुद्रात सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं," चाचा म्हणाले होते. "दर तासाला दोनदा. तीन तीन मिनिटं."

"कशाला?"

"कोणी बुडत असेल तर."

मी म्हटलं, वा, काय भारी. आणि विसरून गेले. दोन महिने बघत होते, चाचा अधूनमधून बोलता बोलता मधेच थांबायचे, समोरचा चहा तसाच राहायचा. मला वाटायचं, वय झालंय.

आता ते उठले. टेबलाला धरत सेटपाशी आले. बटणांवरून बोटं फिरवली, एक, दोन, आणि तिसरं, बारकं, ते पार उलटं फिरवलं.

खोली खरखरीने भरून गेली.

ते बटण खरखर बंद करायचं. पिळत नेलं की बारीक बारीक आवाज सेट गाळून टाकतो, फक्त दणदणीत आलेला तेवढा आत घेतो. चाचा दवाखान्यात गेले त्याच दिवशी मी ते शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं. दिवसभर ती खरखर कोण ऐकणार. डोकं उठतं.

"चाचा, हे..."

पंजा पुन्हा वर.

खरखर. नुसती खरखर. तापल्या पत्र्यावर पाणी शिंपडत राहिल्यासारखी. मी काट्याकडे बघतेय, काटा लाल फोडीतून सरकतोय की नाही तेच कळत नाहीये. चाचा गॉगल लावून मान जरा कलती करून बसलेले. अर्धं मिनिट गेलं. मी आयुष्यात कोणाबरोबर एवढा वेळ गप्प बसले नसेन.

मग त्या खरखरीच्या आत काहीतरी हललं.

"...बोलतीया... चाचा हैत का..."

आवाज इतका लांबचा होता की खरखरीला बोट लावलं तर पुसला गेला असता.

"...उंबरमेट बोलतीया... पावनेचार वाजलं... दर सव्वाला न् पावनेला मी ऐकतो म्हनला हुता तुमी..."

चाचांनी फॉर्म उलटा केला आणि पेन कागदावर टेकवलं.

"...त्या बायला सांगा, तिचं समदं आयकू येतंय आमाला... रोज ओ देतीया मी... तिलाच न्हाई आयकू येत..."

खरखर.

"...शेट पेटीत न्हाई म्हनावं... गळ्यात हाय... निजताना बी..."

मी खाली बघितलं. दुसरीकडे कुठे बघणार.

"...चार दिस सांगतीया... घरांच्या वर, जांभळीच्या बुडाशी जमीन फाटलीया... सोमवारी बोट जायचं... आज पाय जातोय..."

मी माईकवर झडप घातली. माझ्या आधी चाचांचा हात तिथे होता. न बघता, बरोब्बर माईकवर.

"अजून एक मिनिट."

"चाचा, जमीन फाटलीये. अकरा घरं आहेत तिथे."

"एक मिनिट."

त्यांच्या हाताखाली माझा हात. मी बटण दाबलं असतं तर आमचा पन्नास वॅटचा आवाज गेला असता, आणि जितका वेळ तो जात राहिला असता तितका वेळ इथे काहीच ऐकू आलं नसतं. हे मला माहीत होतं. पाठ होतं. परीक्षेत लिहिलेलं.

खरखर... खरखर...

"...आन् एक सांगायचं ऱ्हायलं... सासरा चालत न्हाई... झोळी लागंल... चार गडी धाडा..."

चाचा लिहीत होते. मोठी मोठी, एकमेकांवर चढलेली अक्षरं.

काटा फोडीच्या बाहेर पडला. चाचांनी माईक उचलला.

"उंबरमेट, परकार बोलतो. ऐकलं. घरं आत्ता सोडा. गुरांची दावी सोडून द्या. पायरवाडीच्या शाळेत या. म्हाताऱ्यासाठी माणसं निघतात. बोल."

आणि बटण सोडून दिलं. बस, एवढंच. मी असते तर ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, असं चारदा तरी विचारलं असतं.

खरखर.

"...व्हय."

चाचांनी फॉर्म माझ्या हातात दिला. सहीच्या जागेच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं: भेग. पाय जातो. म्हातारा. झोळी. चार माणसं.

मी पळत खाली गेले. जीप निघतच होती. सेट आणायला एकच जण चालला होता, ते पाच झाले. कोणीतरी दर्ग्यातली सतरंजी उचलली, कोणीतरी दोर घेतला. तालुक्याला मी निरोप दिला तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, जरा सावकाश बोला." कागदावर होतं तेवढंच मी परत वाचून दाखवलं.

मग वर येऊन बसले.

सव्वाचार. लाल फोड. खरखर, आणखी काही नाही. पावणेपाच. काही नाही. चाचा चहा पीत नव्हते, मी बोलत नव्हते. मधे एकदा कोंडीच्या कोणीतरी पायरवाडीच्या सेटवर येऊन विचारलं, आमचा सेट कधी येणार. चाचा म्हणाले, "आज नाही."

सव्वापाच. काही नाही.

"चाचा, पोचले असतील ना?"

पावणेसहाला पायरवाडीचा सेट बोलला. पायरवाडीच्या आड काही नाही, आवाज असा आला की बाई खोलीत येऊन बसल्यासारख्या.

"चाचा, बायजा. आलो. चौतीस मानसं. म्हातारा बी आला, शिव्या घालीत आला. शेरडं न्हाई आली, ती वरच ऱ्हायली."

"ऐकलं," चाचा म्हणाले. त्यांनी गॉगलच्या खालून बोट घालून डोळा पुसला. ऑपरेशननंतर पाणी येतंच.

"ती बाय हाय का तिथं?"

चाचांनी माईक माझ्याकडे केला. मी चार दिवसांत त्या माईकवर किती बोलले असेन त्याचा हिशेब नाही.

"...ऐकतेय, बायजाबाई."

"आयकू येतंय का आता?"

"येतंय."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पाठीमागे शाळेत कोणाचं तरी पोर रडत होतं, तेही ऐकू आलं.

मी लॅपटॉप उघडला. नकाशा तसाच होता, सगळा हिरवागार. उंबरमेटही. अकरा घरांवर माझा सुंदर हिरवा रंग, आणि त्याच्या वर कुठेतरी जांभळीच्या बुडाशी ती भेग.

"चाचा, हे बदलायला हवं."

"बरं."

"हिरवं म्हणजे ऐकू येतं. लाल म्हणजे ऐकू येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण बायजाबाईंना तर सगळं ऐकू येत होतं. मी काय काय बोलले तेसुद्धा. त्यांची वाडी लाल कशी करू? आणि हिरवी तरी कशी ठेवू? मग लाल कुठे भरू?"

चाचांनी हात पुढे केला. बोट हवेत थांबलं.

"ह्यात आपण कुठे आहोत?"

मी त्यांचं बोट धरलं आणि स्क्रीनवर टेकवलं. पीराचा माळ. टॉवरची बारीकशी खूण, जिथून माझा सगळा हिरवा रंग सुरू होत होता.

त्यांनी बोट उचललं नाही. घड्याळाचा काटा लाल फोडीच्या शेवटाला आलेला, सेट अजून खरखरत होता...

"आधी इथे भर."