घाटावरच्या म्हशी

“आबा, ह्यांना चित्रं दाखवून उपयोग काय?”

शाळेच्या हॉलबाहेरच्या पायरीवर बसून, आतल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात शर्वाणीने विचारलं.

परदेशात चार वर्षं कलेचा इतिहास शिकून ती कोल्हापूरला परतली होती. निवृत्त ड्रॉइंग मास्तर आबा सुतार दर रविवारी लोकांना गावातली प्रदर्शनं दाखवायला नेतात, हे तिच्या कानावर आलं. तिला वाटलं होतं, तिथे वाद झडत असतील, वह्या भरत असतील. प्रत्यक्षात निघाली बारा माणसं. हातात भडंगाच्या पुड्या, आणि एकेका चित्रापुढे दहा-दहा मिनिटं गप्प. सगळ्यांच्या शेवटी उभे आबा, तेही गप्प.

“ही फेरी मला द्या,” ती आबांना म्हणाली होती. “मी ह्यांना बघायला शिकवते.”

“आज तू ने. लोक हो म्हणाले, तर कायमची तुझी.”

आणि तिसऱ्याच प्रदर्शनात सगळं फिसकटलं.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या सर्जेरावांनी नदीचा घाट काढला होता. पाण्यात म्हशी, काठावर धुणी. शर्वाणी चित्रापुढे उभी राहून वीस मिनिटं बोलली. छाया, तोल, रचना...

“डावा कोपरा बघा. रिकामा सोडलाय. तिथे चित्र फसलं.”

भिंतीशी उभे असलेले सर्जेराव खाली बघू लागले.

तेवढ्यात खानावळवाल्या शेवंताकाकू म्हणाल्या, “पोरी, वाईच बाजूला हो की. चित्र दिसंना झालंय.”

हॉलभर हशा पिकला. शर्वाणी तडक बाहेर आली.

आता आबा तिच्याशेजारी टेकले.

“पाण्यात म्हशी किती होत्या गं?”

“...चार.”

आबांनी मागे वळून हाक दिली, “शेवंता, म्हशी किती?”

“पाच!” आतून उत्तर आलं. “पाचवी डाव्या कोपऱ्यात बुडून बसलीया. नुसती शिंगं वर हाईत.”



“म्हणजे मी नापास,” शर्वाणी म्हणाली.

“तुझं चित्र बघून झालं कुठं अजून?” म्हणत आबा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेरावांनी हॉल उघडला तेव्हा ती दारातच उभी होती. तिने चित्राशेजारची चिठ्ठी वाचली नाही. नुसती बघत राहिली. शिंगं सापडायला बराच वेळ लागला. राखाडी रंगाचे दोन फटकारे, नखाएवढे.

“काल माझं चुकलं,” ती सर्जेरावांना म्हणाली.

“असू द्या ताई. आमच्या मंडळींनाबी ती म्हैस अजून घावलेली नाही.”

तिथून ती थेट आबांच्या घरी गेली. ते ओट्यावर पेन्सिलीला टोक काढत होते.

“आबा, मी ठरवलंय. फेरी मला नको. पण मी येणार. दर रविवारी, एकही न चुकवता. तोंड उघडणार नाही. सगळ्यांच्या शेवटी उभी राहणार.”

आबांचा हात थांबला.

“शेवटी?”

“हो.”

“...ती जागा मिळायला मला चाळीस वर्षं लागली. तू आपली पुढं उभी राहा.”