जुळी प्रत

एकदा एका वयोवृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत रेवती आणि वसुधा या दोन विद्यार्थिनी यीस्टच्या पेशींवर संशोधन करीत. आचार्यांचा दंडक असा, की प्रत्येक निरीक्षण दोघींनी आपापल्या वहीत टिपायचे आणि दोन्ही वह्या एकाच कपाटात ठेवायच्या. पुढे शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे, यावरून दोघींचे बिनसले. बोलाचाली इतकी झाली, की रेवती आपली वही उचलून दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेली. वसुधा मागे राहिली, तीही ताठ्यानेच.

मग कधीतरी नळ फुटला आणि वसुधाच्या वहीतल्या, रेवती असतानाच्या चार दिवसांच्या नोंदी धुऊन गेल्या. या बाईने काय करावे? अलीकडची नोंद पलीकडच्या नोंदीला जोडून टाकली, आलेखही कसा छान सरळ आला. प्रबंधातल्या त्याच प्रकरणावर तिची पीएचडी उभी होती.

आचार्यांनी प्रकरण वाचले. फुटलेला नळ त्यांना आठवत होता. त्यांनी त्यातल्या एका पानाची मधली चार बोटे रुंद पट्टी फाडून खिशात घातली, उरलेले दोन तुकडे वसुधापुढे सरकवले आणि म्हणाले, "जोड."

तिने निमूटपणे चिकटवले. वरवर पाहता पान अखंड दिसत होते.

"डीएनएचा धागा तुटला, की पेशीही कधी घाईघाईने हेच करते. टोकाला टोक जोडते. मधली अक्षरे गेली ती गेली; त्यातून पुढे कर्करोगही उपजू शकतो. पण धाग्याची जुळी प्रत तयार असेल, तर तुटलेला धागा तिच्यापाशी जातो, जुळणारा मजकूर शोधतो आणि हरवलेले सारे तिच्यावरून उतरवून घेतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तुझी जुळी प्रत रेवतीकडे होती. मागितलीस?"

वसुधाच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते रागाचे होते. तरी तिने तिथेच फोन लावला.

"वही होय?" रेवती म्हणाली. "गेल्या महिन्यात घर बदललं, तेव्हा रद्दीत दिली. दोन वर्षं सांभाळली होती गं. वाटायचं, तू मागशील."

वसुधाने फोन खाली ठेवला. वही गेल्याचे तिने आचार्यांना सांगितले.

"पेशी विभागली, की जुळी प्रतही वेगळ्या घरी जाते. मग ती हाताशी राहत नाही," ते हळूच म्हणाले. "हे मी जन्मभर शिकवले, आणि तुम्ही भांडत होतात तेव्हा तोंड उघडले नाही."

वसुधाने ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकले. पदवी दोन वर्षे लांबली. वही गेल्याचे कळले त्याच संध्याकाळी तिने रेवतीला पुन्हा फोन केला, या वेळी वहीसाठी नव्हे. तो कोणी उचलला नाही.