पागोटं काढल्याशिवाय दोर सोडत नाहीत

या कड्यावरून दोर सोडायच्या आधी आमचा माणूस डोक्यावरचं काढतो, हे तुमच्यातल्या एका ताईंनी बरोबर टिपलं. माझं पागोटं आहे, पोरांच्या टोप्या नाहीतर गमछे असतात. ते घडी करून कड्याच्या धारेवर ठेवायचं, त्यावरून दोर न्यायचा, मगच पाहुण्याला खाली सोडायचं. तुमच्या शहरातल्या साहेबांनी दोराखाली घालायला जाड रबरी पट्टी आणली आहे. ती खुशाल घाला, पण तिच्याखाली माझं पागोटं राहणारच. तंबू गुंडाळून चहा उकळेपर्यंत वेळ आहे, तर का ते सांगतो. ऐकायला गोड गोष्ट नाही, आधीच सांगून ठेवतो.

वर आमची वेहेळवाडी, खाली कोकण आणि मधे ही चीर. तळाला ऊन पोचतं ते भर दुपारी, घटकाभर. एके काळी वाडी या घळीतल्या मधावर जगायची म्हणे. दोन्ही अंगांच्या भिंतींना आग्यामोहळं लोंबायची. एकजण कमरेला दोर बांधून, पेटत्या गवताचा धूर करत उतरायचा आणि चौघे वर दोर धरायचे. धारेवर दोर घासू नये म्हणून तिथं घोंगडी दुमडून ठेवायची.

दोर अंबाडीचा असे आणि तो वळायची राही. तिच्यासारखा पीळ पंचक्रोशीत कुणाच्या हाताला नव्हता, असं सांगतात. तिचा नवरा हैबती मध काढायला उतरायचा तो तिच्याच दोरावर. वर धरणाऱ्या चौघांत तिचा सख्खा दीर होता, गोमाजी. सगळं घरातलंच.

एका फाल्गुनात हैबती उतरला. खाली एका कपारीवर पाय रोवून तो पोळं कापत होता, त्यामुळे दोर सैल होता. तेवढ्यात मोहोळ उठलं आणि माश्या थेट वर आल्या. चौघांनी दोराखालची घोंगडी ओढून घेतली आणि तिच्यात डोकी खुपसली. यात मला तरी पाप दिसत नाही. आग्या माश्या अंगावर आल्या तर तुम्ही-आम्हीही तेच करू. मग खालून हैबतीनं दोर हलवला, त्याला वर यायचं होतं. घोंगडी धारेवर परत ठेवायचं कुणाला सुधरलं नाही. चौघांनी तसाच दोर ओढला, उघड्या दगडावरून. अर्ध्यावर दोर तुटला आणि हैबती तळाला गेला.

चूक इथवरच होती. पुढं झालं ते मात्र चूक नव्हे. पाटलापुढं उभं राहून चौघांनी सांगितलं की घोंगडी जागेवरच होती, दोरच कच्चा निघाला.

राही अजून रडत होती. तशातच तिला बोलावलं. तिनं तुटका दोर हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि तिचं रडणं थांबलं, असं सांगतात.

"पाटील, कच्चा दोर तुटला तर समदे पेड उसवत्यात. ह्यो एका अंगानं कापलाय. दगडानं कापलाय." मग ती चौघांकडे वळली. "मोहोळ उठल्यालं समद्या वाडीनं बघितलं. माश्या वर आल्या. मग तुमच्या एकाच्याबी तोंडावर डंखाची गांधी कशी न्हाई?"

ती दिराजवळ गेली.

"गोमाभावजी, घोंगडी कुठं व्हती?"

गोमाजी खाली बघत राहिला. वहिनीपुढं मान वर करायची रीत नव्हती, ती त्या दिवशी त्याच्या फार उपयोगी पडली.

पाटलाला चार घरं दुखवायची नव्हती. त्यानं निवाडा दिला तो असा की, राहीनं स्वतः वळलेल्या दोरावर घळीत उतरावं. दोर टिकला तर ती खरी. न टिकला तर काय, ते बोलायची गरजच नव्हती. राहीला ना घर हवं होतं, ना मधातला वाटा. 'नवरा तुझ्या हातानं मेला' हा ठपका तिला मान्य नव्हता. चौघांपैकी एकानं खरं बोलावं, एवढ्यासाठी ती उतरायला तयार झाली. दोर धरायला तेच चौघे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी इथं जमली, आत्ता तुम्ही बसलाय तिथंच. राहीनं दोर कमरेला बांधला. चौघांनी धारेवर घोंगडी दुमडून ठेवली. मग गोमाजीनं डोक्यावरचं पागोटं काढून घोंगडीवर ठेवलं. त्याचं बघून बाकीच्या तिघांनीही ठेवलं. अख्खी वाडी बघत होती. दोर कशानं तुटला हे त्या क्षणी पोरासोरांना कळलं, पण तोंड कुणी उघडलं नाही.

राही त्या चार पागोट्यांकडे बघत उभी राहिली.

"आज आठवलं व्हय, भावजी," एवढंच म्हणाली आणि उतरली.

दोर टिकला. ती तळाला पोचली, तिनं तीनदा दोर हलवला. चौघे ओढायला लागले तर हाताला वजनच लागेना. दोर वर आला तेव्हा त्याच्या टोकाला हैबतीच्या दोराचा तुटका तुकडा बांधलेला होता, एका अंगानं कापलेला. तो तिनं पदराखाली नेला होता. वरून खूप हाका मारल्या म्हणे. राही घळीतून खाली, कोकणाकडे निघून गेली होती. ती परत कुणाला दिसली नाही.

पाटील म्हणाला, बाई खरी होती. चौघे तेव्हाही गप्पच होते.

पुढं काही वर्षांनी वाडीनं इथं धोंडा बसवला, शेंदूर लावला, तिला राहीआई म्हणायला लागले. माणसाची माफी मागताना जीभ जड होते, देवीला नारळ फोडला की काम भागतं. त्या गोमाजीच्या वंशातला मी. बाहेरच्या कुणाला हे सांगत नाही, पण तुम्ही विचारलंत आणि माझंही वय झालं.

आजही फाल्गुनात आमच्याच घरातला माणूस तिच्यापुढं गाऱ्हाणं घालतो. त्यात आम्ही मध मागतो, पाऊस मागतो, आलेला पाहुणा धड घरी जाऊ दे म्हणतो. 'आमचं चुकलं' असं त्यात कुठंच येत नाही. एकदा मी वडिलांना विचारलं, तेवढं म्हणून टाकलं तर काय बिघडेल? ते म्हणाले, "तिला समदं ठावं हाय. बोलून कशापायी दाखवायचं?" यंदा गाऱ्हाणं घालायची पाळी माझी होती. सगळी वाडी मागं उभी होती. मीही मध मागितला, पाऊस मागितला आणि नारळ फोडून घरी आलो.