खालच्या काठाचा उतार

डोंगररांगांच्या पायथ्याशी नदीला धरून एक जुने रान पसरले होते, आणि त्या रानाच्या अगदी शेवटच्या टोकाला, नदी जिथे वळण घेते तिथे, एक कासव एकटेच राहत असे. मुलांनो, ते पहिल्यापासून एकटे नव्हते. पूर्वी त्या खालच्या काठावर सशांची बिळे होती, मुंगसाचे बिऱ्हाड होते, आणि उन्हे कलली की सगळे मिळून पाण्यावर जात. पण एका वर्षी नदीला मोठा पूर आला. पुराने काठाचा ऐसपैस उतार कापून नेला आणि त्याच्या जागी उभी दरड राहिली. पाणी खाली दिसे, त्याचा आवाजही ऐकू येई. पण तिथवर उतरणे कठीण आणि परत वर येणे त्याहून कठीण होऊन बसले. पुढचा उन्हाळा आला तेव्हा ससे निघाले. "थोड्या दिवसांसाठीच जातो आहोत," असे ते म्हणाले होते. ते परत आले नाहीत.

मुंगूस मात्र बराच काळ राहिले. गेल्या उन्हाळ्यात तहान असह्य होऊन कासव दरडीवरून उतरू पाहत होते, तेव्हा त्याचा पाय निसटला, ते गडगडत खाली गेले आणि पाठीवर उताणे पडले. पाणी हाताच्या अंतरावर होते आणि कासवाला आकाशाखेरीज काही दिसत नव्हते. उन्हात त्याचे पोट भाजून निघाले. मुंगसाला त्याच्या कवचाची खडखड ऐकू आली म्हणून ते धावत आले, खांदा लावून त्याने कासवाला सरळ केले आणि मागून रेटा देत एका घळीतून वर चढवले. "आज मी होतो," मुंगूस धापा टाकत म्हणाले, "दर वेळी असेनच असे नाही रे." थंडी सुरू होताच तेही निघाले. "तूही चल," असे त्याने दोनदा विनवले. पण वरच्या रानातली जमीन मुरमाड होती. कासवाच्या नखांना तिथे घर खणता येणे शक्य नव्हते. ते काठावरच राहिले. आता उन्हाळा पुन्हा जवळ येत होता, आणि या खेपेला ते उताणे पडले तर त्याला सरळ करणारे कोणीही उरले नव्हते.

या रानावर सिंहाचे राज्य होते. सिंह फार दूर, मोठ्या अरण्यात राहत असे. तरी आपल्या राज्यातल्या लहानसहान रानांची त्याला आठवण होती. म्हणून पाने गळू लागली की तो प्रत्येक रानाकडे एका पंधरवड्यापुरता हत्तींचा कळप पाठवी. हत्तींनी तळे खणावे, दगड हलवावे की वाट बांधावी, हे त्या त्या रानानेच ठरवायचे. सिंहाच्या अटी दोनच होत्या. पहिली, काम ठरवण्याआधी प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घ्यावे. दुसरी, जो सर्वांत दुबळा त्याच्या गरजेचा विचार सर्वांत आधी व्हावा.

ही सारी व्यवस्था कोल्हा पाहत असे. तो रानाचा कारभारी होता आणि आपले काम चोख करी, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य होते. आधी तो वडाखाली सभा बोलावी. सभेत जे ठरेल ते कावळा रानभर ऐकवी. मग पौर्णिमेला दुसरी सभा भरे. कोणाची हरकत असल्यास ती तिथे ऐकली जाई आणि त्यानंतरच काम पक्के होई. सभेची एक जुनी रीत होती. ज्याला काही सांगायचे असेल त्याने स्वतः सांगावे, आणि ज्याला ठरलेले मान्य असेल त्याने मान खाली घालावी. कोल्हा सभेवरून नजर फिरवी, खाली गेलेल्या माना पाही आणि निर्णय सांगे.

त्या वर्षी पहिल्या सभेला कासव भल्या पहाटे निघाले. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, 'आमच्या काठाला उतार हवा.' सभेत मोर बोलत होता.

"मला स्वतःसाठी काही नको," मोर म्हणाला. "पण वडाखालचे अंगण रुंद झाले तर सगळ्यांनाच ऐसपैस बसता येईल. मी तिथे नाचतो, ती गोष्ट वेगळी."

"आणि नाचताना आम्हाला उठवतोस, ती त्याहून वेगळी," फांदीवरून कावळा म्हणाला. सगळे हसले.

कोल्ह्याने शिस्तीने विचारले, "खालच्या काठाचे कोणी आले आहे का?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. इतके डोळे आपल्यावर रोखलेले कासवाने कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. त्याने तोंड उघडले, पण कासवाच्या जातीला भीतीवर एकच उपाय ठाऊक असतो. त्याची मान आपोआप कवचात गेली.

"मान खाली गेली. म्हणजे मान्य आहे," कोल्हा म्हणाला, आणि त्याने अंगणाचे काम सुचवलेले म्हणून जाहीर केले. कवचाच्या आत, अंधारात, कासवाने आपले वाक्य म्हटले. एकही शब्द चुकला नाही. ते ऐकायला मात्र त्याच्याशिवाय कोणी नव्हते.

दोन दिवसांनी कावळा खालच्या काठावर आला आणि एका निष्पर्ण झाडावर बसून मोठ्याने ओरडू लागला, "ऐका हो ऐका, यंदा हत्ती अंगण रुंद करणार. हरकत असेल त्याने पौर्णिमेला वडाखाली यावे."

"इतक्या मोठ्याने कशाला ओरडतोस?" कासव म्हणाले. "इथे मी एकटाच आहे."

"काठावर ओरडून सांगायचे असा नियम आहे, कासवभाऊ. ऐकायला कोणी असो वा नसो."

"मग ऐक. मी त्या दिवशी मान खाली घातली नव्हती."

"मी फांदीवरच होतो. खालीच होती."

"आत घेतली होती. घाबरून."

कावळ्याने मान तिरकी करून विचार केला. "वरून दोन्ही सारखेच दिसते, भाऊ."

"तू सांगशील का त्यांना? माझ्या वतीने?"

"ते जमणार नाही. ज्याची गरज, त्यानेच ती बोलून दाखवायची. उद्या मी तुमच्यासाठी बोललो, तर परवा मोर म्हणेल की कावळा साऱ्या रानाचा मुखत्यार झाला." तो उडायच्या बेतात होता, पण थांबला. "पौर्णिमेला या. आजच निघालात तर वेळेवर पोहोचाल. यंदाच्या पौर्णिमेला म्हणतोय मी."

कावळा गेल्यावर काठ पुन्हा शांत झाला. कासव सशांच्या बिळापाशी गेले. बिळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले होते आणि ते कुठेही फाटलेले नव्हते. कासवाच्या मनात आले, आपण मागतो आहोत ते रास्त आहे का? एका जिवासाठी हत्तींचा कळप अडवून ठेवावा का? कोणाला विचारावे म्हटले तर विचारण्यासारखेही कोणी नव्हते. मग दरडीखालून पाण्याचा आवाज आला, आणि ते निघाले.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी दुसरी सभा भरली. हत्तींचा कळप येऊन पोहोचला होता, आणि त्यांची वृद्ध नायिका सभेच्या कडेला उभी राहून ऐकत होती. कोल्ह्याने काम वाचून दाखवले आणि विचारले, "कोणाची हरकत?"

कासवाने मान लांब केली. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मान पुन्हा आत गेली.

"मान्य," कोल्हा म्हणाला.

"थोडे थांबा, कारभारी," हत्तीण म्हणाली. "हे कासव कुठून आले?"

"खालच्या काठावरून, आजी."

"म्हणजे रानाच्या पार दुसऱ्या टोकाहून. कासवाच्या चालीने."

"मागच्या सभेलाही आले होते ते," मोर म्हणाला. "तेव्हाही त्याला मान्यच होते."

"इतकी वाट तुडवून कोणी नुसते 'मान्य' सांगायला येते का रे?" हत्तीणीने विचारले. हत्तीण सावकाश वळली आणि सभेकडे पाठ करून उभी राहिली.

कोल्हा गोंधळला. "आजी, सभेकडे पाठ?"

"सभेकडे नाही. मी त्याच्याकडे पाहणे थांबवले आहे. ऐकायला कान पुरतात. तुम्हीही वळा."

सर्वांत आधी वळला तो कोल्हा, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मग बाकीचे वळले. मोराला पिसारा सावरून वळेपर्यंत वेळ लागला. मग कवचातून हळूच मान बाहेर आली. कासवाला समोर एकही डोळा दिसला नाही. दिसल्या त्या फक्त पाठी.

"आमच्या काठाला उतार हवा," ते म्हणाले. आवाज कापरा होता, पण ऐकू आला. मग त्याने दरडीची हकीकत सांगितली, आणि उताणे पडल्याचीही. "मला सरळ करणारे मुंगूस आता तिथे नाही," ते म्हणाले. "पाणी समोर असून मी यंदा मरेन, असे मला वाटते."

कोल्ह्याने पाठमोऱ्यानेच विचारले, "खालच्या काठावर सध्या किती जण राहतात?"

"मी."

"एकच?" कोल्हा घुटमळला. "राग मानू नकोस. मला साऱ्या रानाला उत्तर द्यावे लागते. एका जिवासाठी सगळे हत्ती, हे मी कसे समजावू?"

"कारभारी, उतार तुटला तेव्हा आम्ही पुष्कळ होतो," कासव म्हणाले. "सशांनी तेव्हाच तुमच्याकडे उतार मागितला. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी पाहू. तेव्हापासून दर वर्षी तुम्ही विचारता, किती जण आहेत? आणि दर वर्षी आम्ही कमी भरतो. पुढच्या वर्षी विचाराल तेव्हा उत्तर द्यायलाही कोणी नसेल. मग खालच्या काठाला कसलीच गरज नाही, असे तुम्हाला अगदी मनापासून वाटेल."

कोल्ह्याची नजर दूर खालच्या काठाकडे वळली.

"मी हजर असलेल्यांना धरले," तो म्हणाला. "उठून गेलेल्यांना धरले नाही. ते का उठले, हेही विचारले नाही." मग त्याने सभेला विचारले, "हत्तींनी आधी खालच्या काठाचा उतार बांधावा. मान्य?" आणि सर्वांच्या आधी त्याने स्वतःची मान खाली घातली. पाठमोऱ्या सभेतल्या माना एकेक करून खाली गेल्या. मोराचीही गेली, फक्त जाताना त्याने हळूच विचारले, "अंगणाचे पुढच्या वर्षी पाहाल ना?"

दुसऱ्या दिवसापासून हत्ती कामाला लागले. त्यांनी दरड फोडली, माती पसरली, दगड बसवले आणि पायांनी जमीन घट्ट केली. हत्तीणीने कासवाला विचारले, "किती रुंद करू? तुला एकट्याला अरुंद वाटही पुरेल."

"पूर्वी होती तेवढी करा, आजी," कासव म्हणाले. हत्तीणीने पूर्वीइतकी रुंद वाट करून दिली.

पंधरवडा संपला, हत्ती गेले. कावळ्याने आपणहून सशांचा पत्ता काढला आणि परत येऊन सांगितले, "भेटले ससे. तिकडे त्यांची नवी बिळे झाली, पिल्ले झाली. उतार झाला म्हटल्यावर आनंद वाटला त्यांना. 'बघू' म्हणाले."

"आणि मुंगूस?"

"ते काही सापडले नाही, भाऊ." या वेळी कावळ्याने थट्टा केली नाही.

उन्हाळा आला. ऊन उतरल्यावर कासव उताराने सावकाश खाली गेले. पाय निसटला नाही. ते पोटभर पाणी प्यायले, थोडा वेळ पाण्यात बसून राहिले आणि त्याच वाटेने, कोणाच्याही रेट्याशिवाय, वर आले. वर आल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिले. सारी वस्ती एकदम उतरू शकेल इतकी ती वाट रुंद होती, आणि तिच्या मऊ मातीत एकाच जिवाची पावले उमटली होती.

तात्पर्य : मदत कोणाला द्यावी हे ठरवताना समोर उरलेल्यांचीच नव्हे, तर वाट पाहून निघून गेलेल्यांचीही गणती करावी, कारण उशिरा आलेली मदत तुटलेली वाट बांधून देते, पण गेलेले सोबती परत आणून देईलच असे नाही.