योग्य मापाचा नळ

फार पूर्वी डोंगरातल्या एका लहानशा राज्यात एक प्रधान होता. कोणाचेही मन न दुखवणारा म्हणून त्याची ख्याती होती. भांडण कितीही पेटलेले असो, प्रधान मध्ये बसला की दोन्ही बाजू हसत घरी जात. भांडण खरेच मिटले का, हे मात्र कोणी विचारत नसे.

एका वर्षी राजधानीची विहीर आटत चालली. डोंगरमाथ्यावर बारमाही झरा होता, दगडी मुखातून वाहणारा. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून ते पाणी खाली आणायचे ठरले. काम तीन गावांच्या कुंभारांना वाटून दिले, आणि नळ कसा असावा याचा नियम लिहायचे काम प्रधानाकडे आले.

प्रधानाला लहानपणी आत्याने वाढवले होते. ती शहराच्या खालच्या टोकाला राही, रोज घळीत उतरून पाणी आणी, आणि प्रधानाने पाठवलेला नोकर परत धाडी. "आत्या, उन्हाळ्याआधी तुझ्या दारात पाणी येईल," प्रधान तिला म्हणाला.

"येऊ दे बाबा. गुडघे आता ऐकत नाहीत," आत्या म्हणाली.

तिन्ही गावांचे मुखिया नियमासाठी जमले. प्रत्येक गावात मूळपुरुषाच्या वितीएवढी एक काठी देव्हाऱ्यात असे. भट्टी पेटवण्याआधी तिला हळदकुंकू वाहायचे आणि माप तिनेच घ्यायचे, ही त्यांची रीत. पण तीन पुरुषांचे हात कुठे सारखे असणार? "माप आमच्याच वितीचं," असे तिघेही म्हणू लागले. आवाज चढले. एक जण उठून चालू लागला.

एकच माप ठरल्याशिवाय नळात नळ बसणार नाही, हे प्रधानाला पक्के ठाऊक होते. पण कोणाच्या पूर्वजाला नाही म्हणायचे? त्याची जीभ रेटेना. त्याने लिहिले, 'नळ योग्य मापाचा असावा व नीट बसावा.' तिघांनीही माना डोलावल्या. पानसुपारी झाली, आणि प्रधानाची वाहवा झाली.

नळ अंथरले गेले. एकेका गावाचे नळ आपापसात छान बसले. पण जिथे एका गावाची हद्द संपून दुसऱ्याची लागे, तिथे कुठे एका नळाची निमुळती शेपटी पुढच्याच्या तोंडात शिरेना, कुठे सैल पडून डगडगे. कुंभारांनी फटींत चिखल लिंपला. पाणी सोडले तसा चिखल वाहून गेला, आणि सगळे पाणी उतारावर सांडले. राजाने जाब विचारला, तेव्हा तिन्ही मुखियांनी तोच नियम वाचून दाखवला. तिघांचेही बरोबर होते.

भर उन्हाळ्यात आत्या घळीत घसरून पडली. प्रधान धावत गेला आणि तिच्या उशाशी बसला.

"सगळे खूश होते म्हणालास ना?" तिने विचारले. "मग पाणी का नाही आलं?"

आत्या त्या अंथरुणावरून उठलीच नाही.

तिचे दिवस झाल्यावर प्रधानाने मुखियांना झऱ्यावर बोलावले. दगडी मुखाच्या मापाचे लोखंडी कडे त्याने घडवून आणले होते. तो म्हणाला, "नळाची शेपटी या कड्यात घट्ट बसलीच पाहिजे, आणि हे कडं नळाच्या तोंडात. बसणार नाही तो नळ तिथेच फोडायचा. मग तो कोणाच्याही गावचा असो."

"म्हणजे आमच्या पूर्वजांची वीत खोटी?" सर्वांत वडीलधारा मुखिया म्हणाला.

"वीत खरी आहे, काका. पण पाणी तिच्यातून येत नाही, या मुखातून येतं."

"तुम्ही असे नव्हता, प्रधानजी."

"नव्हतो," प्रधान म्हणाला. "म्हणून आत्या गेली."

त्या दिवशी पानसुपारी झाली नाही. पुढे भट्ट्यांबाहेर फुटक्या नळांचे ढीग साचले, आणि प्रधानाला शिव्याशाप मिळाले. आणि एका सकाळी पाणी शहराच्या खालच्या टोकापर्यंत येऊन पोहोचले. आत्याच्या दाराला कुलूप होते. प्रधानाने तिथल्या नळाखाली तिची घागर भरली आणि उंबऱ्यावर ठेवली.

तो म्हातारा मुखिया प्रधानाशी पुन्हा कधी बोलला नाही. पण बाजाराला आला की त्याच नळापाशी वाकून ओंजळीने पाणी पिई.

तात्पर्य इतकेच: सगळ्यांना रुचावा म्हणून मोघम लिहिलेला नियम भांडण मिटवत नाही, नुसते पुढे ढकलतो, आणि त्याची किंमत त्या बैठकीत नसलेल्या माणसाला मोजावी लागते.