खिंडीतली मोळी

एका गावात एक सुईण होती. भागाई तिचं नाव. हात मऊ आणि तोंड फटकळ. जन्माला येणाऱ्या बाळाशी ती जितकं गोड बोलायची, तितकंच मोठ्या माणसांशी कडू बोलायची. आणि मोठी माणसं वागतही तशीच होती, त्याला ती तरी काय करणार?

गाव डोंगराच्या अलीकडे, आणि बाजार, वैद्य, सोयरेधायरे सगळे पलीकडे. मधे खिंड. पावसाळ्यात तिथला वारा अंगातून आरपार जायचा. म्हणून कुणा शहाण्या पूर्वजांनी खिंडीत दगडी खोप बांधली होती. तिला जाड लाकडी दार, आत चूल आणि चुलीवर माळा. खिंडीत अडकलेल्यानं आत यावं, माळ्यावरची वाळकी लाकडं जाळून शेकावं, आणि निघण्याआधी रानातून एक मोळी आणून माळ्यावर टाकावी. ओली असली तरी चालेल, चुलीच्या धगीनं ती वाळते आणि पुढच्याला कामी येते. बस, एवढाच नियम. राखणदार नाही, दंड नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं.

मग ते बिघडवलं कुणी? चोरानं नाही, दरोडेखोरानं नाही. भल्या माणसानं बिघडवलं, म्हणून तर डोकं फिरतं.

गावचा पाटील मोठा दयाळू. त्याला कुणाला नाही म्हणवत नसे. एकदा भागाई पलीकडचं अडलेलं बाळंतपण सोडवून परत आली, तेव्हा तिच्या हाताला काटे लागून रक्त आलेलं पाटलानं पाहिलं.

"भागाई, तू बायाबापड्यांचे जीव वाचवतेस. तू कशाला लाकडं तोडत बसतेस? जा, तुला मोळी माफ."

"मला माफी नको," भागाई म्हणाली. "मला दिलीत, तर उद्या वैद्यबुवा मागतील. त्यांना काय सांगाल?"

"त्यांनाही देऊ. कारण खरं असलं म्हणजे झालं. आपल्याला काय जातं?"

आणि तसंच झालं. वैद्याला माफ, कारण रोगी वाट बघत असतो. पुजाऱ्याला माफ, कारण पूजेला उशीर होतो. वऱ्हाडाला माफ, कारण मुहूर्त टळतो. म्हाताऱ्यांना माफ, लेकुरवाळ्यांना माफ. शेवटी पाटलानं स्वतःलाही माफ करून घेतलं, कारण गावची कामं खोळंबतात. यातलं एकही कारण खोटं नव्हतं बरं का. आणि खरं कारण सापडलं की माणसाला स्वतःची केवढी कीव येते ते काय सांगावं.

भागाई मात्र प्रत्येक खेपेला मोळी टाकत राहिली. बाया हसायच्या. "अगं, तुझ्या एकटीच्या मोळीनं काय होणार आहे?"

"काय होणार ते मी बघतच नाही," ती फणकारायची. "सगळ्यांनी टाकावी असं मला वाटतं ना? मग मी पण सगळ्यांतलीच. मीच टाकली नाही, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

बाया तोंडाला पदर लावून पुन्हा हसायच्या आणि आपल्या वाटेनं जायच्या.

त्या वर्षी पाटलाच्या सुनेचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जायला हवं, आणि माहेर पलीकडे. भागाईनं महिनाभर आधीच बजावलं होतं, "पाऊस लागायच्या आत पोचवा पोरीला." पण पाटील चांगला दिवस बघत बसला आणि चांगला दिवस सापडेपर्यंत पावसानं धरलं. शेवटी वाडवडिलांच्या शिसवी मेण्यात सुनेला बसवलं, चार भोई घेतले, सोबतीला भागाईला घेतलं आणि पाटील स्वतः निघाला.

खिंडीत पोचतात न पोचतात तो सुनेला कळा सुरू झाल्या. तिला खोपीत नेलं, दार लावलं. भागाईनं माळ्यावर हात घातला.

माळ्यावर चार काटक्या होत्या. मागच्या आठवड्यात तिनंच टाकलेल्या मोळीतल्या उरलेल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती वेळ बोलायची नव्हती. चार काटक्यांवर पाणी कोमट झालं तेवढंच. बाळ झालं. मुलगा. रडला, पण थोडाच. भागाईनं त्याला पुसून आईच्या पोटाशी धरलं, वरून आपलं लुगडं गुंडाळलं. तरी त्याचे ओठ निळे पडायला लागले. बाहेरचं सगळं रान पाण्यानं निथळत होतं, तिथलं लाकूड काय पेटणार?

"दार तोडा," पाटील भोयांना म्हणाला.

भागाई दाराला पाठ लावून उभी राहिली. "दार नाही तोडायचं."

"माझा नातू मरतोय, भागाई."

"दिसतंय मला. पण दार गेलं तर उद्या इथं जो येईल तो वाऱ्यानं मरेल. तोही कुणाचा तरी नातूच असेल."

"उद्याचं उद्या बघू."

"उद्याचं उद्या बघू म्हणूनच आज माळा रिकामा आहे," भागाई कडाडली. "लाकूड पाहिजे ना? मग मेणा फोडा. वरून भिजला असला, तरी आतून चांगला वाळलेला आहे."

आणि काय सांगू, पाटील घुटमळला. निळ्या पडलेल्या लेकराकडे बघून घुटमळला. "मेणा? पणजोबांच्या वेळचा आहे तो…"

"मामंजी," अंथरुणावरून सून म्हणाली. आवाज जेमतेम निघत होता, पण स्पष्ट होता. "मेणा जाळा."

भोयांनी पाटलाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. मेणा आत घेतला आणि कुऱ्हाड चालवली. चूल भडकली, खोप तापली, आणि बऱ्याच वेळानं बाळानं खोप दणाणून सोडणारा टाहो फोडला.

सकाळी पाऊस उघडला. भोयांनी घोंगडीची झोळी केली. पाटील म्हणाला, "चला, लवकर निघू. बाळ-बाळंतीण घरी पोचली पाहिजेत."

"मोळी," भागाई म्हणाली.

पाटलाला वाटलं, ती थट्टा करते आहे. "आज? अगं, आज तरी सोड. याहून खरं कारण असतं का कुठं?"

मग मात्र भागाईनं रात्रभर गिळलेलं सगळं बाहेर काढलं.

"कारण? पाटील, या खिंडीत कारण नसलेला माणूस आलाय कधी? हौसेनं येतं का कुणी इथं मरायला? प्रत्येकाचं कारण खरं, प्रत्येकाची घाई खरी. तुम्ही ती सगळी खरी कारणं या माळ्यावर रचलीत. काल ती जाळून बघायची होतीत, पेटली असती तर! दया केलीत म्हणता? खोपीत येणाऱ्या पुढच्या माणसावर कुठं केलीत दया? तो समोर उभा नव्हता, म्हणून त्याच्या वाटणीचं खुशाल वाटून टाकलंत. काल तो पुढचा माणूस तुमच्याच घरचा निघाला. नसता निघाला, तरी तुम्ही चुकलेलेच होतात."

पाटलानं भोयाच्या हातून कुऱ्हाड घेतली आणि चिखलात उतरला. भोईही निघाले. ज्या माणसानं कैक वर्षं लाकडाला हात लावला नव्हता, तो हात सोलून घेऊन, भिजून, धापा टाकत मोळी घेऊन आला. भागाईनं मदत केली नाही. ती आपली स्वतःची मोळी आणायला गेली होती.

सगळ्यांच्या मोळ्या माळ्यावर गेल्या. सुनेला झोळीत निजवायला म्हणून भागाई वळली, तर सून भिंतीला धरून दारापर्यंत गेली होती. दाराशेजारच्या झुडपाच्या दोन काटक्या तिनं मोडल्या आणि भागाईपुढे धरल्या.

"ही माझी," ती म्हणाली, "आणि ही ह्याची. तोही शेकलाय."

ओल्या बाळंतिणीला "राहू दे गं" असं कुणीही म्हणालं असतं. पाटील तर म्हणायला पुढे झालाही होता. भागाईनं त्याच्याकडे असं बघितलं की शब्द त्याच्या तोंडातच राहिले. तिनं दोन्ही काटक्या घेतल्या आणि माळ्यावर नीट ठेवल्या.

तात्पर्य: सगळ्यांनी पाळावा असं ज्या नियमाबद्दल वाटतं, त्यातून आधी स्वतःला वगळू नये. सूट मागायला खरं कारण प्रत्येकाकडेच असतं, म्हणूनच ते कुणाच्याही उपयोगाचं नसतं.